बाहेरून इंग्रजी एम.ए. करताय? मग वर्गात काय होतं ते आधी समजून घ्या

"बाहेरून एम.ए. टाकलंय, इंग्रजीतनं." शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणारा पोरगा हे सांगतो, गडहिंग्लजकडच्या इंग्लिश मीडियम शाळेतल्या बाई सांगतात, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हातात घेतलेली राजारामपुरीतली एखादी वहिनी सांगते. आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "नोट्स कुठं गावतील?"

नोट्स गावतात. झेरॉक्सच्या दुकानात गावतात, टेलिग्रामवर गावतात, विद्यापीठाचं स्वयं-अध्ययन साहित्य येतं ते वेगळंच. अडचण तिथं नाहीच. रोज वर्गात बसणाऱ्याला नोट्सशिवाय आणखी एक गोष्ट मिळते. कवितेच्या एका ओळीवर सर काहीतरी म्हणतात, मागच्या बाकावरची मुलगी "पण सर, असं पण असू शकतं की" म्हणते, दहा मिनिटं वाद होतो आणि त्यात ती ओळ उलगडते. बाहेरून शिकताना हा वाद आपला आपल्याशी घालावा लागतो. तो कसा घालायचा, हेच मला इथं मुख्यतः सांगायचं आहे. पण पदवीला मान्यता आहे का, ही शंका डोक्यात असताना कुणाचं कवितेत लक्ष लागत नाही. म्हणून ती आधी मिटवू.

मान्यतेचं काय

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यतेने चालणाऱ्या दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२० च्या नियमावलीत तसं आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केलं. या एम.ए.वर नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, देता येते. त्यासाठी खुल्या गटाला ५५ टक्के लागतात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. नुसतं पास होऊन भागत नाही. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणातून होत नाही.

कोल्हापुरात बसून करायचं तर तीन वाटा नेहमी समोर येतात. शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९, कोल्हापुरात त्यांचं विभागीय केंद्र आहे) आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५). कुठलीही वाट धरा, पण त्या विद्यापीठाला त्या विषयासाठी आणि त्या सत्रासाठी मान्यता आहे का हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर स्वतः बघा. मान्यता विद्यापीठाला एकदा मिळाली म्हणजे सगळ्याला मिळाली असं नसतं, ती अभ्यासक्रमागणिक असते. २०२४ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडीही काढावा लागतो आणि तो एबीसी (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीवरून निघतो. एखादी गल्लीतली अकॅडमी "आमच्याकडं फॉर्म भरा, पेपरचं आम्ही बघतो" म्हणत असेल तर तिथनं सरळ चालू लागा. दूरशिक्षण फ्रँचायजीवर चालवायला नियमानेच बंदी आहे.

दुसरं शिक्षण चालू असताना हे करता येतं का, असंही बरेच जण विचारतात. येतं. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एका वेळी दोन पदव्यांना वाट करून दिली. एक नियमित आणि एक दूरशिक्षणातली, असं चालतं.

"बाहेरून केलेलं" म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगायला एक गोष्ट हाताशी असू द्या. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. कुठंही शिका, परीक्षा आमची द्या. १८५७ ला निघालेलं मुंबई विद्यापीठही त्याच लंडनच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारं म्हणून सुरू झालं होतं. आपल्या देशात पत्रद्वारे पदवीचं शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ ला सुरू केलं, आणि शिवाजी विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची.

विषयाची जन्मकथा तर त्याहून चमत्कारिक आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला १८९४ ला, केंब्रिजमध्ये १९१७ ला. त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतरच्या काळात, इकडची पोरं शेक्सपिअर आणि मिल्टन घोकत होती. साहेबाच्या देशातल्या विद्यापीठांनी तोवर लॅटिन-ग्रीकलाच खरं साहित्य मानलेलं. वसाहतीत हा विषय राज्यकारभाराच्या सोयीसाठी रुजवला गेला, असं गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. "आपण का शिकायचं इंग्रजांचं साहित्य?" हा प्रश्न घरचे विचारतात तेव्हा तो अडाणी प्रश्न नसतो. एम.ए.च्या अभ्यासातच तो येतो आणि त्यावर मार्क मिळतात.

छप्पन ओळींचं एक उदाहरण

आता मुख्य मुद्दा. साहित्याचा अभ्यास म्हणजे गोष्ट सांगता येणं, असा समज बी.ए.पर्यंत चालून जातो. एम.ए.ला चालत नाही. फरक कुठं आहे ते दाखवण्यासाठी इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही कविता घेऊ. १८४२ ची, ५६ ओळींची. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात ती कुठं ना कुठं भेटतेच.

बोलणारा आहे फेराराचा ड्यूक. तो एका पाहुण्याला आपल्या दिवंगत बायकोचं चित्र दाखवतोय. चित्रावर पडदा आहे आणि तो सारायचा अधिकार फक्त ड्यूकचा. बोलता बोलता तो तक्रार करतो. बाई कुणाकडंही बघून हसायची. मावळता सूर्य, कुणीतरी तोडून दिलेली चेरीची फांदी, पांढरं खेचर आणि मी दिलेलं नऊशे वर्षांचं घराणं, सगळ्याचं तिला सारखंच कौतुक. मग तो एवढंच म्हणतो की मी हुकूम दिले आणि सगळी हसणी एकदम थांबली. आणि तिथनं थेट दुसऱ्या विषयावर, म्हणजे नव्या लग्नावर. कारण पाहुणा आलाय तो दुसऱ्या एका सरदाराकडून, सोयरीक ठरवायला.

गाईडमध्ये यापुढं लिहिलेलं असतं की ड्यूक गर्विष्ठ, संशयी आणि क्रूर आहे. हे खरं आहे, पण हा सारांश झाला. एवढं लिहिलं तर तपासणारा काठावर पास करील. अभ्यास सुरू होतो तो पुढच्या प्रश्नांपासून.

पहिला प्रश्न, हे सगळं तो या माणसालाच का सांगतो? होणाऱ्या सासऱ्याच्या दूताला कुणी असं काही सांगेल का? एक उत्तर असं की तोंडातून निसटलं. दुसरं असं की मुद्दाम सांगितलं. नवीन येणारीने कसं वागायचं याचा निरोपच पाठवला. दोन्ही उत्तरांना कवितेत पुरावे सापडतात. यातली एक बाजू धरायची, कुठल्या ओळीमुळं धरली ते सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला काय म्हणता येईल तेही लिहायचं. परीक्षेत "क्रिटिकली इव्हॅल्युएट" असं छापून येतं त्याचा अर्थ एवढाच आहे.

दुसरा प्रश्न कानाचा. कविता मोठ्याने वाचून बघा. दोन-दोन ओळींचं यमक आहे, अगदी शिस्तीत शेवटपर्यंत. पण ऐकताना ते जाणवत नाही, कारण वाक्य ओळीच्या टोकाला थांबतच नाही, पुढच्या ओळीत सांडतं. गप्पा मारल्यासारखं मोकळं वाटतं, आणि खाली प्रत्येक ओळ आवळून बांधलेली आहे. ड्यूकही तसाच आहे. बोलणं अदबीचं, मूठ घट्ट. कवितेचा घाट आणि आशय असे जोडून दाखवता आले की उत्तराचा दर्जा बदलतो. नुसतं "आयँबिक पेंटामीटर (हे वृत्त) वापरलं आहे" एवढं लिहून सोडलं तर ती नुसती नोंद झाली.

तिसरी जागा हुंड्याची. ड्यूक म्हणतो, तुमच्या धन्याचं औदार्य सर्वांना माहीत आहे, रास्त मागणीला ते नाही म्हणायचे नाहीत. आणि लगेच पुस्ती जोडतो की मला हवी आहे ती मुलगीच. आपल्याकडच्या बैठकीत "आम्हाला काय नको, मुलगी आणि नारळ द्या" म्हणणारे आणि त्याच दमात "तुमची हौस तुम्ही करालच की" असं सुचवणारे लोक ज्यांनी बघितलेत, त्यांना या ओळी समजायला गाईड लागत नाही. लिहिताना हे असंच लिहू नका, बैठकीची गोष्ट उत्तरपत्रिकेत शोभायची नाही. पण कविता तिथनं पकडायला काहीच हरकत नाही. इंग्रजी साहित्य आपल्या अनुभवापलीकडचं आहे ही भीती निम्मी तिथंच जाते.

थिअरीच्या पेपरला घाबरतात ते

"कविता जमतात वो, थिअरी डोस्क्यावरनं जाती," हे बहुतेकांचं रडगाणं. कारण थिअरी, म्हणजे साहित्य समीक्षेचे सिद्धांत, नावं पाठ करून शिकली जाते. मजकुराला विचारायच्या प्रश्नांचे वेगवेगळे संच, असं तिच्याकडं बघा. वरचीच कविता पुढं नेऊ.

हुकूम म्हणजे नक्की काय? खून केला का? कवितेत सांगितलेलं नाही. पुढं कधीतरी ब्राउनिंगलाच हे विचारलं गेलं. तो म्हणाला, तिला ठार करण्याचे हुकूम होते, आणि मग पुस्ती जोडली की किंवा मठात कोंडून ठेवण्याचेही असतील. म्हणजे कवीलाच पक्कं ठाऊक नाही! मग कवीच्या मनात काय होतं यावर अर्थ ठरवायचा का? ठरवू नये, असं विमसॅट आणि बिअर्ड्स्ली या समीक्षकांनी १९४६ साली बजावलं. त्याला 'इंटेन्शनल फॅलसी' म्हणतात. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६७ मध्ये तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. म्हणजे लेखक हा अर्थाचा मालक नव्हे, अर्थ वाचणाऱ्याकडं जमतो. झाली तुमची दोन प्रकरणं समजून.

स्त्रीवादी समीक्षक विचारील, या ५६ ओळींत त्या बाईचा आवाज कुठं आहे? एकही शब्द नाही. ती चित्रात आहे, आणि चित्राची दोरी नवऱ्याच्या हातात. मार्क्सवादी विचारील, शेवटी जाता जाता ड्यूक समुद्रघोडा माणसाळवणाऱ्या नेपच्यूनचा ब्राँझचा पुतळा का दाखवतो? बायको, चित्र, पुतळा, हुंडा, सगळं एकाच यादीतली मालमत्ता आहे म्हणून का? इतिहासाकडून येणारा सांगेल की फेराराचा खरा ड्यूक दुसरा अल्फॉन्सो, त्याची पहिली बायको लुक्रेझिया दे मेदिची १५६१ मध्ये सोळाव्या वर्षी वारली. आणि तो असंही विचारील, की ब्राउनिंग हे लिहितोय त्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेची स्थिती काय होती? तिथं विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. मग कविता सोळाव्या शतकातल्या इटलीची की ब्राउनिंगच्या शेजारघराची?

एकाच कवितेवर पाच प्रश्न झाले आणि पाच पंथ आले. प्रत्येक नव्या सिद्धांताची अशीच आधी वाचलेल्या एखाद्या कवितेवर चाचणी घ्या. अॅरिस्टॉटलपासून एलियटपर्यंतचा अभिजात भागही असाच सुटतो. तिथं फक्त क्रम आणि साल लक्षात ठेवण्याचं ओझं जास्त आहे आणि त्याला इलाज नाही. नेटच्या दुसऱ्या पेपरात १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात आणि कोणतं आधी, कोणतं नंतर हे ते हमखास विचारतात.

आणि हे सगळं युरोपातूनच येतं असंही नाही. गणेश देवी यांचं शिक्षण इथल्याच शिवाजी विद्यापीठातलं. भारतीय भाषांची स्वतःची समीक्षापरंपरा आपण का विसरलो यावर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाड्यांचा देशीवादही, म्हणजे आपल्या मातीतल्या परंपरेवरून साहित्य जोखण्याचा विचारही, समीक्षेच्या पेपरात आणता येतो. मराठी वाचलेला विद्यार्थी इथं चार पावलं पुढं असतो, पण बरेच जण मराठी वाचन दाराबाहेर ठेवूनच अभ्यासाला बसतात.

कोल्हापूरचा कवी, इंग्रजीच्या पेपरात

भारतीय इंग्रजी साहित्याच्या पेपरात अरुण कोलटकरांची 'जेजुरी' हमखास भेटते. १९७६ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थ कविता पुरस्कार. कोलटकरांचा जन्म कोल्हापूरचा, शाळा राजाराम हायस्कूल. ज्या पोरांना वर्ड्सवर्थचं डॅफोडिल कधी बघायला मिळालं नाही त्यांच्यासमोर एकदम ताडपत्रीचे पडदे लावलेली एस.टी. येते, पुजारी येतो, पैशासाठी मागं लागणारी म्हातारी येते. हायसं वाटतं.

पण सापळा इथंच आहे. ओळखीचं आहे म्हणून आपण भरभर वाचतो, आणि उत्तरात खंडोबाची माहिती, भंडारा, सोमवती असं काहीबाही भरून येतो. प्रश्न असतो निवेदकाचा. दार उघडं होतं, आणखी एक देऊळ समजून एकाने आत डोकावलं, आत वासरू निघालं, म्हणजे तो गोठा होता. यात टवाळी आहे, की देव कुठंही भेटू शकतो असं काही आहे, की फक्त जे दिसलं ते सांगितलं आहे? भालचंद्र नेमाड्यांना कोलटकरांची ही नजर पर्यटकाची वाटली आणि त्यांनी तशी टीका केली. मला ती पुरती पटत नाही. दगड कुठला आणि देव कुठला हे ठरवायला नकार देणाऱ्या माणसाला नुसता पर्यटक म्हणता येत नाही. तुम्हाला नेमाड्यांचं पटलं तर तसं लिहा, पण कवितेतल्या ओळींवर बोट ठेवून लिहा.

कोलटकरांचं पुस्तक विकत घ्या. ब्राउनिंग १८८९ ला वारला, त्याचं सगळं इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि कोलटकर २००४ ला गेले.

नाटकांबद्दल थोडक्यात. नाटक मनात वाचू नका, तोंडाने वाचा. शेक्सपिअरची भाषा अडली तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' किंवा शिरवाडकरांचा 'राजमुकुट' (मॅक्बेथ) आधी वाचायला लाजू नका. आपल्या रंगभूमीने शेक्सपिअर कधीच घरचा करून घेतला आहे. फक्त परीक्षेत मूळ नाटकातलेच संदर्भ द्या.

वेळ, वाचन आणि कागदपत्रं

इग्नूचा एम.ए. इंग्रजीचा वर्षानुवर्षं चालत आलेला अभ्यासक्रम ६४ श्रेयांकांचा, आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. गुणाकार केला तर १,९२० तास होतात. दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला साधारण अठरा. नोकरी करून एवढं कुणी करत असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच चार वर्षांपर्यंतची मुदत असते आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. घाईने दोन वर्षांत ५० टक्के मिळवण्यापेक्षा तीन वर्षांत ५५ च्या वर गेलेलं पुढं उपयोगी पडतं.

वेळ कमी असेल तर कुठं काटकसर करायची? कादंबऱ्यांत नको. शिफ्टला जाता-येता, एस.टी.त, जेवणाच्या सुट्टीत कादंबरीच वाचून होते. डिकन्सचा सारांश वाचून डिकन्सवर लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदातच कळतं. काटकसर करायची ती युगांच्या पार्श्वभूमीत. व्हिक्टोरियन काळाची आठ पानं पाठ करण्यापेक्षा एक पान समजून घेतलेलं पुरतं.

स्वयं-अध्ययन साहित्य वाईट नसतं, पण ते मूळ पुस्तकानंतर वाचायचं. इग्नूचं साहित्य ईज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतं, शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थीही ते बघू शकतात. ई-पीजी पाठशालाही आहे. शांत बसून वाचायला विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, गावात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. वाचनालयाचं खरं काम मात्र घरातून सुटका करण्याचं. घरी पुस्तक उघडलं की कुकरची शिट्टी झालीच समजा.

संपर्क सत्रांना जा. तिथं सगळा अभ्यासक्रम शिकवून होत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण तिथं तुमच्यासारखी आणखी माणसं भेटतात. त्यातली दोन-तीन धरून ठेवा. सुरुवातीला म्हटलेला वाद घालायला ती लागतात. ड्यूकने मुद्दाम सांगितलं की निसटलं, यावर रविवारी रंकाळ्यावर तासभर मराठीत भांडा, आणि घरी येऊन तेच इंग्रजीत एका पानावर उतरवा. विचार मराठीत झाला तरी चालतं, वाक्य मात्र छोटं आणि साधं इंग्रजी असू द्या. 'ग्रेट', 'युनिव्हर्सल', 'इम्मॉर्टल' ही विशेषणं गाळली तरी उत्तराचं काही बिघडत नाही.

असाइनमेंट हा उरकायचा कागद नाही. इग्नूत तिला ३० टक्के वजन आहे आणि घरी पुस्तक समोर ठेवून लिहायची सवलत आहे. एवढे मार्क दुसरीकडं कुठं मिळत नाहीत, आणि तरीही निम्मे लोक कुणाचंतरी उतरवून ते घालवतात. उतरवलेल्या चार असाइनमेंट एका गठ्ठ्यात आल्या की चारींचं काय होतं ते सांगायला नको. हाताने लिहायची सवयही तिथंच होते. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्याचा हात तीन तासांच्या पेपरात दुसऱ्याच प्रश्नाला आखडतो.

राहता राहिली कागदपत्रं. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लगेच काढायला टाका, ते शेवटच्या आठवड्यात हातात पडत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. परीक्षा अर्जाची तारीख फोन करून कुणी सांगत नाही, ती संकेतस्थळावर येते आणि जाते. आठवड्यातून एकदा संकेतस्थळ उघडायचं, अर्ज भरला की पावतीचा स्क्रीनशॉट काढायचा, आणि हॉल तिकिटावर आपण निवडलेल्याच पेपरांची नावं आलीत का ते परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, आठ दिवस आधी बघायचं.